मांजरवाली मुलगी

नमस्कार श्रोतेहो,

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी स्थळांचे बायोडाटा फिरायला लागतात. पूर्वी ते पोस्टाने यायचे, सोबत स्टुडिओत काढलेला एखादा फोटो. आता व्हॉट्सॲपवर येतात, आणि पत्रिका जुळते का हे बघायच्या आधी मुलामुलीचं इन्स्टाग्राम उघडलं जातं. आत्या बघते, वहिनी बघते, कॉलेजातला चुलतभाऊ तर चार-पाच वर्षं मागे जाऊन बघतो. प्रत्यक्ष भेट व्हायच्या आत मत बनलेलं असतं.

मी पशुवैद्य आहे. नाशिकमध्ये 22 वर्षांपासून माझा दवाखाना आहे. लग्नं जुळवणं हा काही माझा विषय नाही. पण गेल्या वर्षी माझ्या भाचीला एक नकार आला, त्याचा संबंध थेट माझ्या कामाशी होता, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

भाची 31 वर्षांची. ठाण्यात भाड्याच्या घरात एकटी राहते, नोकरी करते, आणि तिच्याकडे दोन मांजरी आहेत. मध्यस्थ काकूंनी ताईला फोन केला. "मुलगी छानच आहे हो. पण इन्स्टावर जिकडे तिकडे मांजरीच. मुलाच्या आईचं म्हणणं पडलं, हिला माणसांची ओढ दिसत नाही." ताईने लगेच मला फोन लावला. आवाज अगदी पडलेला. "तू तरी सांग तिला. तुझं ऐकते ती. काढून टाक म्हणावं ते फोटो."

मी तिला असं काही सांगितलं नाही. का, ते सांगते.

भाचीची थोरली मांजर बारा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार आम्हाला नेहमी दिसतो. तो बरा होत नाही. पण आहार सांभाळला, अंगातलं पाणी कमी होऊ दिलं नाही, तर मांजराचे दिवस बरे जातात. त्यासाठी कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. भाची दर दिवसाआड पहाटे उठते, सलाईनची पिशवी खिडकीच्या गजाला अडकवते, मांजरीच्या मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलते आणि सुई टोचते. सुई कशी धरायची हे तिने माझ्या दवाखान्यात उभं राहून शिकून घेतलं. पहिल्या दिवशी हात इतका थरथरत होता की सुई आरपार जाऊन सगळं पाणी टेबलावर सांडलं. आता पाच-सात मिनिटांत उरकतं. मग हात धुऊन, डबा भरून, लोकल पकडते.

यातला एकही फोटो इन्स्टाग्रामवर नाही. तिथे आहे उन्हात लोळणारी मांजर, लॅपटॉपवर बसलेली मांजर, वाढदिवसाची टोपी घातलेली मांजर. मुलाच्या आईंनी टोपी पाहिली. मला त्यांच्यावर राग धरायचा नाही, त्यांना जे दाखवलं गेलं तेच त्यांनी पाहिलं. पण त्यावरून ज्या मुलीला "माणसांचं करणार नाही" असं ठरवलं, ती एका आजारी जिवाचं करते आहे, कुणी न सांगता.

खरं सांगायचं तर ही चूक मीही केली आहे, तीसुद्धा माझ्याच दवाखान्यात. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई तीन मांजरांना घेऊन यायच्या. चाळिशीच्या असतील. तिघांचीही कार्डं नीट भरलेली, जंताचं औषध वेळच्या वेळी. एकदा औषधं लिहून देताना मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" विचारण्यामागे कारण होतं. मांजराला गोळी द्यायला दोन माणसं लागतात, एकाने धरायचं, दुसऱ्याने तोंड उघडायचं. पण माझ्या आवाजात दुसरंही काही होतं, आणि ते त्यांना ऐकू आलं. "बिचारी एकटी, म्हणून मांजरं" असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. त्यांचा चेहरा आवळला. म्हणाल्या, "डॉक्टर, मी पुरेशी आहे." पुढे ओळख वाढल्यावर कळलं, त्या मांजरी त्यांच्या आईच्या. आई गेल्यावर भावंडांनी घरातलं सगळं वाटून घेतलं, मांजरी कुणालाच नको होत्या.

तेव्हापासून मी तो प्रश्न विचारत नाही. "गोळी देताना धरायला कुणी आहे का?" एवढंच विचारते. कुणी नसेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून एकट्याने गोळी कशी द्यायची ते दाखवते.

एकट्या बाईला आणि तिच्या मांजराला नावं ठेवणं केवळ आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत 2021 साली तिथले राजकारणी जे. डी. व्हान्स यांनी एका टीव्ही मुलाखतीत "मूल नसलेल्या मांजरवाल्या बायका" असा शब्द हिणवून वापरला. 2024 मध्ये ते उपाध्यक्षपदाला उभे राहिले आणि ते वाक्य पुन्हा वर आलं. त्या सप्टेंबरमध्ये गायिका टेलर स्विफ्टने विरोधी उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला, तो आपल्या बोक्याला जवळ घेतलेल्या फोटोसह, आणि खाली सही करताना स्वतःला तेच विशेषण लावलं. मला ते फार आवडलं. अशा बाया एकाकी, खिन्न असतात का, हे संशोधकांनी तपासूनही पाहिलं आहे. 2019 मध्ये पाचशेहून जास्त लोकांवर झालेल्या एका अभ्यासात मांजर पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात नैराश्य, चिंता किंवा जवळच्या नात्यांतल्या अडचणी यांबाबत फरक सापडला नाही.

आपल्याकडे मात्र याला आणखी एक जोड आहे, आणि तिच्याबद्दल पशुवैद्य म्हणून मला बोललंच पाहिजे. "मांजर पाळणाऱ्या मुलीला मूल होत नाही. केस पोटात जातात." हे वाक्य मी शिकलेल्या घरांतून ऐकलं आहे, लग्न ठरल्यावर मांजर सोडून द्यायला आलेल्या मुलींच्या तोंडून ऐकलं आहे. डोळे सुजलेले असायचे त्यांचे. तर श्रोतेहो, मांजराच्या केसांनी वंध्यत्व येत नाही. या समजाला लोक आधार देतात तो टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या एका परजीवीचा. त्याची लागण बाईला पहिल्यांदाच आणि तीही गरोदरपणात झाली, तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण तो येतो कुठून? कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, बागेतल्या मातीतून, आणि मांजराच्या विष्ठेतूनही. लागण झालेलं मांजर हे जंतू साधारण एक ते तीन आठवडे टाकतं, एरवी बहुधा नाही. शिवाय विष्ठेतले हे जंतू घातक व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणजे मांजर घरातच राहणारं असेल, शिजवलेलं किंवा तयार खाणं खात असेल, त्याची वाळू रोजच्या रोज साफ होत असेल, तर धोका फारच कमी. गरोदरपणात ते काम नवऱ्याने करावं. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

मुलग्यांचीही यातून सुटका नाही. 2020 साली अमेरिकेतल्या दोन संशोधक बायकांनी तेराशेहून अधिक तरुणींना पुरुषांचे फोटो दाखवले. तोच पुरुष, एका फोटोत एकटा, दुसऱ्यात हातात मांजर. मांजर आलं की तो त्यांना कमी मर्दानी, जास्त हळवा वाटला, आणि त्याच्याबरोबर बाहेर जायला मुली कमी तयार झाल्या. माणूस तोच होता, हे लक्षात घ्या. बदललं ते बघणाऱ्याच्या मनातलं. बघणारी स्वतः मांजरप्रेमी आहे की कुत्राप्रेमी, यावरही उत्तरं बदलत होती. मला माझ्याकडे येणारा एक मुलगा आठवतो, पुरवठा खात्यात काम करणारा, एकटा राहणारा. त्याने दिवाळीच्या चारही रात्री घरी थांबायचं ठरवलं होतं, कारण फटाक्यांनी बोका पलंगाखाली जाऊन धापा टाकायचा. गावी आई नाराज झाली. तो मुलगा "हळवा" असेल तर असू दे की.

कुत्र्याचं उलटं होतं. देखणा लॅब्रॅडॉर कुशीत घेतलेला फोटो टाकला की मुलगा प्रेमळ, जबाबदार. तो कुत्रा मित्राचाही असू शकतो. प्रोफाइलसाठी दुसऱ्याचा कुत्रा वापरण्याला आता डॉगफिशिंग असं नावही पडलंय. आणि रॉटवायलर असला की मालक भांडकुदळ ठरतो. माझ्याकडे पार्व्हो या विषाणूची लागण झालेली कुत्र्याची पिल्लं येतात, सतत उलट्या, रक्ताचे जुलाब, त्या वासाने दवाखाना भरतो. पाच-पाच दिवस सलाईन चालतं. त्या पिल्लाजवळ जमिनीवर बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि पिल्लू टेबलावर सोडून फोन बंद करणारीही पाहिली आहेत. दोघांच्या इन्स्टाग्रामवर पिल्लाचे फोटो सारखेच गोड असतात.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. ज्यांच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री बसलेली, ज्यांच्याकडे खंडोबाची तळी उचलली जाते, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले ही गोष्ट ज्यांनी मुलांना सांगितली, त्याच घरांतून "कुत्र्याचा लळा असलेली मुलगी नको" असं ऐकू येतं. आपल्या संतांना जे मोठेपण वाटलं, ते आपल्या सुनेत कमीपणा कसं होतं?

नकार देऊ नये असं माझं म्हणणं नाही. एखाद्याला दमा आहे, मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाने श्वास कोंडतो, एखादी लहानपणी कुत्रं चावल्यापासून घाबरते. ही खरी कारणं आहेत, ती सरळ सांगावीत. पण माणूस ओळखायचं असेल तर फोटोंवर बोट फिरवत बसू नका, विचारा. गावाला जातेस तेव्हा त्यांच्याकडे कोण बघतं? रेबीजची लस कधी दिली? लग्नानंतर त्यांचं काय करायचं ठरवलंयस? याची उत्तरं ऐकताना तुम्हाला समोरच्याचा पैशाचा हिशोब, वेळेचा हिशोब, शब्द पाळायची सवय, सगळं कळेल. आणि "लग्न झालं की देऊन टाकेन" असं कुणी सहज म्हणालं, तर तेही ऐकून ठेवा.

भाचीने फोटो काढून टाकले नाहीत. या दिवाळीत ती घरी आली तेव्हा ताईने नवा बायोडाटा करायला घेतला. शिक्षण, नोकरी, उंची लिहून झाली. भाची म्हणाली, "आई, मांजरींचं पण लिही. त्या माझ्याबरोबर येणार." ताई जरा थांबली. मला वाटलं, आता वाद होणार. पण तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "कुठे लिहू? छंदांत?"

"नाही," भाची म्हणाली, "कौटुंबिक माहितीत. मामांच्या खाली."

ताईने तिथेच लिहिलं, दोघींच्या नावांसकट.

नमस्कार.