कुत्रीची नसबंदी: आदल्या रात्रीपासून टाके निघेपर्यंत

(दृश्य: सेमिनरी हिल्स, सकाळ. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं फाटक. मग एका दवाखान्यातला वजनकाटा.)

भुलीच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते, म्हणून आधी वजन. नंतर रक्त: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, लिव्हर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). अंगावर गोचीड सापडत असतील तर प्लेटलेटचा आकडा नीट बघून घ्या. गोचिडांच्या तापात प्लेटलेट घसरतात आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्रीचंही रक्त टेबलावर थांबत नाही. ती माजावर असेल तर दोन-तीन महिने थांबलेलं बरं. त्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात.

(दृश्य: रात्र. स्वयंपाकघरात रिकामं ताटली-भांडं, शेजारी पाण्याचं भांडं.)

शेवटचं जेवण रात्री दहाच्या आत, तेही हलकं. त्यानंतर पोळीचा तुकडाही नाही. भुलीत गिळण्याची क्रिया थांबते. पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. पाणी मात्र सकाळी निघेपर्यंत राहू द्या. घरात एकाने उपाशी ठेवायचं आणि दुसऱ्याने मायेने बिस्किट द्यायचं, हे सर्रास घडतं. दिलं असेल तर डॉक्टरांना सांगून टाका, तारीख पुढे ढकलता येते. अगदी लहान पिल्लांना इतकं उपाशी ठेवायचं नाही, त्यांची साखर उतरते. त्यांचे तास डॉक्टरच सांगतील.

(दृश्य: मे महिन्याची दुपार, उन्हात उभी गाडी.)

नागपुरात खरी अडचण उन्हाची. भुलीत अंग थंड पडतं, म्हणून घरी आणल्यावर कूलरच्या थेट झोतात झोपवू नका. ती दमट हवा जखमेलाही चांगली नाही. पण पारा 45 च्या पुढे असताना भर दुपारी तापलेल्या गाडीतून आणणं त्याहून वाईट. अर्धवट शुद्धीत तिला धापा टाकून अंग निववता येत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर मुळीच नाही. दवाखान्यातून सुट्टी संध्याकाळी मागून घ्या. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथे सतरंजी किंवा जुनी चादर अंथरा.

(दृश्य: जवळून. ओठ उचललेला, हिरडीवर बोट.)

हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी पांढरीफटक दिसली, पोट फुगत चाललं आणि कुत्री उठत नसेल, तर आतून रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. सकाळची वाट बघू नका. अंगाचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असेल तर ठीक.

ऑपरेशनच्या रात्री नेहमीच्या जेवणाचा पाव ते अर्धा भाग पुरे. दोन-तीन दिवस शी झाली नाही तरी घाबरायचं कारण नाही.

(दृश्य: गळ्यात कोन, म्हणजे जखम चाटू नये म्हणून घालायची शंकूसारखी कॉलर, दाराच्या चौकटीला आपटणारा.)

टाके बहुतेक वेळा चाटण्यामुळे उसवतात. कोन नाकाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटीमीटर यायला हवा, गळ्यात दोन बोटं जातील इतका सैल. 'बिचारी कंटाळली' म्हणून रात्री काढला की सकाळी टाका उघडा सापडतो. पलंगावर उड्या मारू दिल्या तर जखमेखाली पाणी साचून मऊ गाठ येते. ती फोडायची नाही, दाखवायची.

जखमेवर हळद नको, खोबरेल नको. हळदीच्या रंगाखाली लाली लपते, तेलाला धूळ चिकटते. पावसाळ्यात माशी बसली तर अळ्या पडतात. जखम रोज दोनदा उजेडात बघा. पू, वास, टपकणारं रक्त किंवा फाकलेली कड दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

वेदनेचं औषध डॉक्टरांनी लिहिलेलंच, जेवणानंतर. उलटी किंवा काळी शी झाली तर पुढचा डोस थांबवून फोन करा. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंड बिघडवते. मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.

टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर आंघोळ नाही, आणि फिरायला नेताना साखळी हातातच.