हळद, लिंबू आणि शिसं

नमस्कार श्रोतेहो. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक या जड धातूंपासून आपलं रोजचं जेवण आपल्याला कितपत वाचवतं, याबद्दल आज बोलायचं आहे. ‘अमका काढा घ्या, अंगातलं सगळं विष बाहेर’ असे मेसेज तुम्हालाही येत असतील. खुशाल पुसून टाका. हाडांत मुरलेलं शिसं आणि मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम वर्षानुवर्षं तिथेच राहतं. अन्नाचा खरा उपयोग त्याआधी, आतड्यातच होतो.

लोह शोषून घेण्याची आतड्यात जी वाट असते, तिथूनच शिसं आणि कॅडमियमही शिरतं. अंगात लोह कमी पडलं की शरीर ती वाट आणखी मोकळी करतं. पाहुण्यासाठी दार सताड उघडावं आणि चोर आत यावा, तसं. आत आलेलं शिसं पुन्हा रक्त तयार होण्याचंच काम अडवतं. म्हणजे पंडुरोग असलेल्या मुलीला दुष्काळात तेरावा महिना. म्हणून आपल्या इंदुरी पोह्यांवर लिंबू पिळायला कंजुषी करू नका, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र तासाभराने घ्या, तो लोहाला अडवतो. पोह्यांशिवाय चहा आणि चहाशिवाय पोहे, हे इंदूरच्या राजवाडा चौकात कोणी ऐकून घेणार नाही, पण निदान घरी करून बघा.

दूध, दही, नाचणी, तीळ यांतलं कॅल्शियमही शिशाला अडवतं. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम निघतं, तसं जुनं शिसंही रक्तात उतरतं. मेक्सिकोत गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं काहीसं कमी झालेलं आढळलं.

लसणाचंही नाव घ्यायला हवं. बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारांवर इराणमध्ये झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. लसणाच्या गोळ्यांनी त्यांच्या रक्तातलं शिसं उतरलं होतं. पण त्या मोजून-मापून दिलेल्या गोळ्या होत्या. घरची लसणाची चटणी आवडीने खा, औषध म्हणून नको.

आता हळद. हळदीचे गुण गाणारे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, ते असोत. माझी काळजी वेगळीच आहे. हळकुंड पिवळंधमक दिसावं म्हणून काही ठिकाणी त्यावर लेड क्रोमेट चोळतात, आणि लेड म्हणजेच शिसं. ज्या हळदीने रक्षण व्हायचं, तीच विष घेऊन येते! बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत ही भेसळ सापडली. सरकारने धाडी घातल्या, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत ती जवळपास नाहीशी झाली. तेव्हा सियागंजच्या बाजारात वर्षाची हळद भरताना हळकुंड हातात घेऊन बघा. मळकट, खरखरीत असेल तर घ्या. वरून चकचकीत आणि बोटाला पिवळी भुकटी लागत असेल तर परत ठेवा, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

रामबागेतल्या जुन्या घरांत आजीची पितळी पातेली अजून आहेत. कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवू नका, आंबटाने धातू सुटतो. कल्हईला कथील शुद्धच हवं. स्वस्त कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं.

बॅटरी, झाळकाम, जुना रंग खरवडणं अशी कामं करणाऱ्यांनी उपाशीपोटी कामावर जाऊ नये. रिकाम्या पोटी शिसं कितीतरी पटीने जास्त शोषलं जातं. भाकरी-भाजी खाऊनच निघा, आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, त्यांच्यावरची धूळ रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. अशा घरातल्या लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. आकडा जास्त निघाला तर मात्र लिंबू-लसणावर विसंबू नका, उपचार दवाखान्यातच घ्या. नमस्कार.