बरणी फुटली की फोडली?

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अरे, ८:१२ची चुकली!" चुकली कोण? गाडी. गाडी तर तिच्या वेळेला आली आणि सुटली. उशीर आपल्याला झाला. बघा, तोही आपण 'केला' नाही, आपल्याला 'झाला'. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदरहून निघून आपल्या ठाण्यालाच आली होती. म्हणजे 'गाडी चुकली' हे वाक्य या गावात किती पिढ्या बोलत असतील!

मला हे वाक्य आवडतं. माणसाला दोष न देता झालेली गोष्ट सांगायची सोय मराठीत अगदी क्रियापदातच आहे. फुटणं आणि फोडणं. तुटणं आणि तोडणं. सुटणं आणि सोडणं. फाटणं आणि फाडणं. 'ट'चा 'ड' होतो आणि वाक्यात एक माणूस येऊन उभा राहतो. शाळेत आपल्याकडून कर्तरी, कर्मणी, भावे घोकून घेतात, परीक्षेला चार मार्कांपुरते. या 'ट' आणि 'ड'मुळे घरात काय काय घडतं ते मात्र कुणी शिकवत नाही, आणि ते शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

तर गोष्ट सांगते. आम्ही तेव्हा नौपाड्यात राहायचो. मे महिना. जांभळी नाक्यावरून पाच किलो कैऱ्या फोडून आणल्या होत्या, सासूबाईंनी लोणचं घातलं होतं. चिनी मातीची मोठी बरणी, तोंडाला पांढरा दादरा बांधलेला. लोणचं चिनी मातीतच मुरावं. प्लास्टिकच्या डब्यात त्याला डब्याचा वास लागतो, मी घरात तसा डबा लोणच्याला वापरू देत नाही. असो.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरात फरशीभर तेल, खार, मोहरीचा झणका आणि बरणीचे तुकडे. कामाच्या मावशी दाराशी पदर मुठीत धरून उभ्या. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. विचारलं, "बरणी कुणी फोडली?"

मावशी म्हणाल्या, "ताई, मी नाही फोडली. फुटली."

"आपोआप कशी फुटेल?"

"मी नाही फोडली."

श्रोतेहो, दहा मिनिटं आम्ही दोघी एवढंच बोलत होतो. मी 'फोडली', त्या 'फुटली'. शेवटी त्यांनी पिशवी उचलली, "उद्यापासून येत नाही" म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फोडली म्हणालीस, म्हणजे तिनं मुद्दाम केलं असं झालं. ती कशी कबूल होईल? तिच्या हातून फुटली का, एवढं विचारायचंस."

हातून फुटली. हे तिसरं रूप. फुटली म्हटलं की माणूस गायब होतो. फोडली म्हटलं की माणूस गुन्हेगार होतो. हातून फुटली म्हटलं की माणूस आहे, त्याचा हात आहे, पण हेतू नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोकमान्य नगरला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "मावशी, काल तुमच्या हातून बरणी फुटली ना? लागलं नाही ना कुठे?" त्यांनी उजवा हात पुढे केला. तळव्यावर फडकं बांधलेलं. पडती बरणी धरायला गेल्या होत्या, तुकडा घुसला. तो हात त्यांनी आदल्या दिवशी पदरात धरला होता आणि मी पाहिला नव्हता.

मग त्या आपणहून बोलल्या. "हो ताई, माझ्या हातून फुटली. ओटा पुसायला बरणी सरकवली, खालचा पेपर भिजलेला होता, सटकली." पेपर का भिजलेला? नळाच्या बुडाशी पाणी झिरपत होतं. पंधरा दिवस झिरपत होतं, मला माहीत होतं. तो नळ दुरुस्त करायचा माझ्या हातून राहिला होता. 'कुणी फोडली' असं मी वर्षभर विचारत बसले असते तरी नळापर्यंत पोचले नसते.

भाषेची घडण आणि मनाची घडण एकत्र पाहणारं एक शास्त्र आहे, संज्ञानात्मक भाषाविज्ञान. त्यातलं एकच सांगते. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या दोघींनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हॉटेलात एका बाईंमुळे आग लागल्याची हकीकत लोकांना वाचायला दिली. काहींच्या कागदावर 'बाईंनी मेणबत्ती पाडली', काहींच्या कागदावर 'मेणबत्ती पडली'. बाकी हकीकत तीच. पाडली वाचणाऱ्यांनी बाईंना जास्त दोष दिला आणि भरपाईही जास्त लावली. पडली आणि पाडली, फरक एवढाच.

उलट बाजूही आहे आणि ती मला खुपते. 'फाईल गहाळ झाली', 'रस्ता खचला', 'काम राहून गेलं' ही वाक्यं कागदावर येतात तेव्हा त्यांत हात कुठेच नसतो. घरात आपण नको तिथे 'फोडली' म्हणतो, आणि जिथे विचारायला हवं तिथे 'फुटली'वर गप्प बसतो. तिथेही 'कुणाच्या हातून?' असं शांतपणे विचारता येतं. मी एकदा एका कचेरीच्या खिडकीवर विचारलं होतं. आतल्या माणसानं मान वर केली आणि पाच मिनिटांत कागद शोधून दिला.

मावशी आठवड्यानं परत आल्या, हात बरा झाल्यावर. पुढे अकरा वर्षं होत्या आमच्याकडे. नळ मी त्याच दिवशी करून घेतला होता. बरणी नवी आणली, पहिलीपेक्षा मोठी. ती हलवायची वेळ आली की त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "ताई, जरा एक बाजू धरा."

नमस्कार.