ठाण्याचा जुना पाऊस

[दृश्य: मासुंदा तलाव, संध्याकाळची गर्दी]

मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, आंबे-घोसाळे. ठाण्यात तीसहून जास्त तलाव आहेत. दोन-तीन हजार वर्षांपूर्वी इथे पाऊस कसा पडायचा हे शोधायचं, तर आधी तळ्याकडेच पाय वळणार. तळ्याच्या बुडाशी थरावर थर बसत जातो आणि त्या-त्या काळचे परागकण त्यात अडकून राहतात. तेव्हा कुठली झाडं होती हे त्यावरून कळतं, आणि झाडांवरून पावसाचा अंदाज येतो.

पण ठाण्याची तळी या कामाला फारशी उपयोगाची नाहीत. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी इथे होती. जुन्यातले बरेच तलाव त्यांच्या काळचे मानले जातात. म्हणजे वय फार तर हजारेक वर्षं. त्यात आपण त्यांचा गाळ उपसतो. तो उपसायलाच हवा, नाहीतर मासे मरून वर येतात. पण त्याबरोबर जुन्या पावसाचा पुरावाही डंपरमध्ये भरला जातो.

[दृश्य: ऐरोली, ओहोटी]

न उपसलेला गाळ आहे तो खाडीत. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख, मिळाला. लोक येतात ते फ्लेमिंगो बघायला. चिखल बघायला कोण येतंय!

इथे तिवरांची श्वासमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, मधूनच निवटी टुणकन उडते. याच चिखलात नळी सरळ खाली दाबायची आणि गाळाचा उभा नमुना अलगद वर काढायचा. प्रयोगशाळेत त्याचे पातळ काप करतात. एक काप बारीक चाळणीत धुतला की उरतात फोरॅमिनिफेरा, वाळूच्या कणाएवढे कवचधारी एकपेशीय जीव. काही जातींना खारं पाणी मानवतं, काहींना मचूळ. कुठल्या थरात कोण जास्त, यावरून खाडीत गोडं पाणी किती उतरत होतं आणि समुद्र किती आत आला होता, याचा अंदाज बांधतात. थराचं वय काढायला कार्बन-१४, म्हणजे हळूहळू क्षय होत जाणारा किरणोत्सारी कार्बन. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. अगदी वरच्या थरांसाठी सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्याच्या वर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे जड धातू.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा इथे खाडी कसली, कोरडी दरी! पलीकडे मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीच्या पातळीखाली खैराचे बुंधे सापडले, मुळं जागच्या जागी. खैर काही खाऱ्या पाण्यात उगवत नाही. आता समुद्र चढला की जमीनही खचली, हे मात्र वेगळं तपासावं लागतं.

[दृश्य: पारसिकचा डोंगर]

या सगळ्याखाली काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. घाटात त्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पश्चिमेला ते समुद्राकडे कललेले आहेत. या बाकाला भूवैज्ञानिक पनवेल फ्लेक्शर म्हणतात. वरळीला तर लाव्हाच्या थरांमध्ये एका तळ्याचा गाळ सापडला, इवल्याशा बेडकांच्या सांगाड्यांसकट. त्या तळ्याचा गाळ काढायला कोणी नव्हतं, म्हणून ते बेडूक आपल्याला भेटले.

[दृश्य: खाडीवरचा पूल]

खाडीवर पूल बांधताना पाया घेण्याआधी खोल भोकं पाडून नमुने काढतात. ते भार किती सोसतील, एवढंच बघायचं असतं. त्यातला वीतभर गाळ परागकण तपासणाऱ्यांनाही द्यावा. भोक तर पाडलेलंच असतं.