बुरशीचं बिल

[बेडरूम. कपाट बाजूला सरकवलं जातंय.]

कोथरूडमधली ही बेडरूम, ऐन ऑगस्टमधली. कपाट पुढे ओढलं आणि मागे हे निघालं. कमरेपर्यंत काळे-हिरवे डाग, त्याखाली रंगाचे पोपडे, आणि पुट्टी तर नखाने निघेल इतकी भुसभुशीत. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे. खर्चाचा हिशोब तिथूनच सुरू होतो.

[कोटेशनचा कागद जवळून.]

पहिलं कोटेशन हे. खरवडणे, बुरशीनाशक मारणे, रंग. दर चौरस फुटावर. दहा बाय दहाची भिंत म्हणजे १०० चौरस फूट, त्यावर १८ टक्के जीएसटी. पाणी कुठून येतंय, याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. हे काम करून घेतलं असतं तर दिवाळीला भिंत छान दिसली असती, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच बिल भरावं लागलं असतं. पुण्यात दर वर्षी किती घरं अशीच रंगवून घेतली जातात!

दुसऱ्या माणसाने आल्या आल्या दर सांगितला नाही. आधी ओल मोजायचं मीटर काढलं. छताजवळ भिंत कोरडी, खाली येऊ तसा आकडा चढत गेला. म्हणजे पाणी वरून नाही, खालून येतंय. मग बाथरूमच्या जाळीला बोळा घातला, फरशीवर रंगीत पाणी भरलं आणि तसंच ठेवलं.

[दुसरा दिवस. भिंतीच्या तळाशी लालसर पट्टा.]

हा बघा रंग. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या, सांध्यातून पाणी भिंतीत उतरत होतं. आता कोटेशनमध्ये पहिली ओळ प्लंबिंगची आली.

प्रत्यक्ष काम गणपतीनंतर निघालं. कामगाराने आधी बजावलं:

"काकू, फॅन बंद करा, आणि दार उघडू नका."

सुकी बुरशी खरवडली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि पंखा ते घरभर पोचवतो. म्हणून दाराला प्लॅस्टिक, कडेने चिकटपट्टी, आणि खरवडण्याआधी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा. कामगारांच्या तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. गिलावा छिन्नीने विटेपर्यंत काढला, कारण ओल आत मुरलेली होती. निघालेला माल पोत्यांत बांधूनच बाहेर गेला. मग बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम. नुसतं ब्लीच मारून भागत नाही. मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते. यानंतर बुरशीनाशक, आणि मग वाट पाहायची. मीटरचा आकडा खाली येईपर्यंत पुट्टीचा डबा उघडायचा नाही. लोक नेमकी इथे घाई करतात आणि पैसे पाण्यात जातात.

खरा खर्च होतो तो या मजुरीत, प्लॅस्टिकने झाकण्यात आणि परत-परत मोजण्यात. बुरशीनाशकाची बाटली हा त्यातला छोटा भाग. हाताच्या पंज्याएवढा डाग असेल तर मास्क-मोजे घालून घरीच पुसता येतो, पण पाणी थांबलेलं असेल तरच.

ओलसर घरात दमा बळावतो, लहान मुलांना जास्त त्रास होतो.

[इमारतीची पश्चिमेकडची भिंत. पावसाच्या रेघा.]

आता बिल कुणाचं? गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती सोसायटीने करायची. तुमच्याच संडास-बाथरूमची गळती असेल तर खर्च तुमचा. मात्र इमारत नवी असेल तर रेरा कायद्याचं, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १४ वाचा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. म्हणून हातोडा मारण्याआधी लेखी तक्रार द्या.

या घराचं ताब्यानंतरचं हे चौथं वर्ष. तक्रार ऑगस्टमध्येच गेली, ३० दिवस उलटले, कुणी आलं नाही. मग काम स्वतः काढलं. प्लंबिंगपासून रंगापर्यंतची सगळी बिलं, मीटरचे फोटो आणि लाल पट्ट्याचा व्हिडिओ जोडून भरपाईचा अर्ज आता महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, गेला आहे.