वर्ल्ड कप, एशियाड आणि बाकावरची पोरं

नमस्कार मंडळी, आज हॉकीवर बोलायचंय. आधी जरा २०२६ चं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. १५ ऑगस्टला नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये वर्ल्ड कप सुरू होतोय, तो ३० ऑगस्टला संपणार, आणि १९ सप्टेंबरला जपानमध्ये आयची-नागोयाला एशियाड सुरू. मध्ये फक्त वीस दिवस. त्यात युरोपातून घरी यायचं, दुखणी-खुपणी बघायची, परत बॅगा भरायच्या आणि जपान गाठायचं. आणि या दोन्हीतली एकही स्पर्धा सोडून देण्यासारखी नाही हो. वर्ल्ड कप आपण एकदाच जिंकलो, १९७५ ला क्वालालंपूरमध्ये, फायनलला पाकिस्तानला २-१ हरवून, आणि तेव्हापासून आजपर्यंत साधी सेमीफायनल नाही. पन्नास वर्षं झाली! आणि एशियाडचं सोनं म्हणजे लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट.

हे तिकीट हुकलं की काय होतं ते आपण बघितलंय. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये सेमीफायनलला मलेशियाकडून शूटआउटमध्ये हरलो, तर टोकियो ऑलिम्पिकला जायला २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये भुवनेश्वरला रशियाशी क्वालिफायर खेळावं लागलं. जिंकलो, पण सगळं वर्ष त्या टांगत्या तलवारीखाली गेलं. उलट २०२३ ला हांगझोच्या एशियाडमध्ये फायनलला जपानला ५-१ ने उडवलं आणि पॅरिसच्या तयारीला निवांत दहा महिने मिळाले, आणि पॅरिसला ब्राँझ आलं. तयारीला वेळ मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते यावरून कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की या हिवाळ्यात, म्हणजे सिनियर टीमला जे काही मोकळे आठवडे मिळतात त्यात, सगळ्यात महत्त्वाचं काम हरमनप्रीत किंवा हार्दिकसारख्या मुरलेल्या खेळाडूंना आणखी घासणं हे नाही. बाकावर बसणारी आणि अजून बाकापर्यंतही न पोचलेली जी पोरं आहेत त्यांना तयार करणं हे आहे. अठरा-वीस जणांवर या दोन स्पर्धा निघणार नाहीत, तीसेक तरी लागतील, आणि ते तीस म्हणजे नुसती यादीतली नावं नकोत, दडपणाखाली खेळून आलेले हवेत.

एक माणूस कमी पडला की काय होतं, पॅरिसचंच उदाहरण घ्या. ग्रेट ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल, १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. चाळीसहून जास्त मिनिटं दहा जणांनी किल्ला लढवला, १-१ बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये गोलकीपर श्रीजेशने मॅच काढून दिली, आख्खा देश नाचला. पण रोहिदासवर पुढच्या मॅचची बंदी आली. आता रोहिदास नुसता डिफेंडर नाही, पेनल्टी कॉर्नरला तो आपला फर्स्ट रशर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, समोरच्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोललाइनमागे गोलकीपर धरून आपले पाच जण उभे राहतात, बाकीचे सगळे हाफलाइनच्या पलीकडे. बॉल आत आला की त्या पाचातला एक जण मास्क लावून, हातात ग्लोव्ह घालून, सरळ ड्रॅग फ्लिकरच्या, म्हणजे बॉल स्टिकने ओढत गोलकडे भिरकावणाऱ्याच्या, अंगावर धावत जातो. समोरून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास बॉल येतोय आणि हा त्याच्याच रेषेत पळतोय. गुडघ्यावर बसला तर गुडघा गेला. नुसती हिंमत असून भागत नाही, समोरचा डाव्या खांद्याकडून मारतोय की उजव्या ते दोन पावलांत ओळखावं लागतं, हे वर्षानुवर्षांचं काम आहे. सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध हा माणूस नव्हता, आणि गोन्झालो पीलाटने, जो आधी अर्जेंटिनाकडून रिओचं गोल्ड जिंकलेला फ्लिकर आहे, त्याने पेनल्टी कॉर्नरवरच बरोबरीचा गोल केला. आपण २-३ हरलो. रोहिदास असता तर जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही, पण त्याच्या जागी तेवढाच मुरलेला दुसरा कोणी हवा होता हे मात्र ठामपणे म्हणतो.

आता २०२५ बघा. जूनमध्ये प्रो लीगचा, म्हणजे देशांच्या टीममधल्या लीगचा, युरोपचा दौरा, सलग सात मॅच हरलो आपण. नेदरलँड्सशी दोन, अर्जेंटिनाशी दोन, ऑस्ट्रेलियाशी दोन आणि बेल्जियमशी एक. शेवटच्या दिवशी बेल्जियमला ४-३ हरवलं तेव्हा कुठे जीवात जीव आला. त्या सातातल्या सहा मॅच एका-एका गोलने गेल्यात. एका गोलने हरणारी टीम वाईट नसते, पण चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात, एक मार्किंग सुटतं, आपल्याच डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडावर एक पास चुकतो, आणि बेल्जियम-ऑस्ट्रेलियासारख्या टीमला तेवढंच पुरतं. तिथे ताजे पाय लागतात. रोलिंग सबस्टिट्यूशनचा खेळ आहे हा, दर काही मिनिटांनी माणूस बदलायचा, पण बदली आलेला पोरगा आत आल्यावर लेव्हल खाली जाणार असेल तर कोच तरी काय करणार, थकलेल्यालाच ठेवतो.

सप्टेंबरमध्ये बिहारमध्ये राजगीरला आशिया कप जिंकला, फायनलला कोरियाला ४-१, वर्ल्ड कपचं तिकीट हातात आलं, दिलप्रीतने दोन गोल मारले. छान झालं. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त आशा नोव्हेंबरने दिली. इपोहला अझलान शाह कप होता, तिथे हरमनप्रीतला विश्रांती दिली, संजयला कॅप्टन केलं, आणि फायनलला बेल्जियमकडून ०-१ असे हरलो. मोठी नावं घरी असताना बेल्जियमशी एका गोलचाच फरक! कोच क्रेग फुल्टनने हे असंच करत राहावं. हरला तरी चालेल, आम्ही फॅन लोक ओरडू, ओरडू दे.

आणि मग डिसेंबर. चेन्नईला ज्युनियर वर्ल्ड कप, १० तारखेला अर्जेंटिनाविरुद्ध ब्राँझची मॅच. तीन क्वार्टर संपले तरी ०-२, घरात सगळे म्हणाले गेली मॅच, आणि शेवटच्या अकरा-बारा मिनिटांत पोरांनी चार गोल ठोकले, अंकित पाल, मनमीत सिंग, शारदानंद तिवारी, अनमोल एक्का. ४-२! सेमीफायनलला जर्मनीने ५-१ असं धुतलं होतं, त्यानंतर ही पोरं अशी उभी राहिली. क्वार्टर फायनलला बेल्जियमला शूटआउटमध्ये हरवलं तेव्हा गोलमध्ये प्रिन्सदीप सिंग होता, आणि डगआउटमध्ये कोच म्हणून कोण, तर खुद्द श्रीजेश.

ज्युनियरचं मेडल आलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका असं काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. २०१६ ला लखनौला आपण ज्युनियर वर्ल्ड कप जिंकलो होतो. त्या टीममधून हरमनप्रीत, सुमित, वरुण कुमार, नीलकांत, सिमरनजीत, गुरजंत असे किती तरी जण टोकियोच्या ब्राँझपर्यंत पोचले. पण त्याला पाच वर्षं लागली, आणि त्या टीमचा कॅप्टन हरजीत सिंग ऑलिम्पिकला गेलाच नाही. म्हणजे ज्युनियर ते सिनियर हा जो मधला रस्ता आहे ना, तिथे पोरं गळतात. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, ज्युनियरमधून वयामुळे बाहेर, सिनियर टीममध्ये जागा नाही, मग डिपार्टमेंटच्या नोकरीत स्पर्धा खेळत राहायचं. नेमकं इथेच लक्ष द्यायला हवंय.

मला विचाराल तर तीन जागा पेटलेल्या आहेत. पहिली गोलकीपर. श्रीजेश पॅरिसनंतर थांबला, १६ नंबरची जर्सीही त्याच्याबरोबर निवृत्त केली. कृष्ण पाठक चांगला आहे, आपल्या मुंबईचा सूरज करकेरा आहे, पण शूटआउटला कोण, शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर असेल तर कोण, याचं उत्तर ऑगस्टमध्ये शोधून चालणार नाही. हॉकी इंडिया लीगमध्ये परदेशी कीपरवर पैसा लावायची टीमवाल्यांना सवय आहे, त्यांचंही बरोबर, त्यांना जिंकायचंय. पण प्रिन्सदीप किंवा बिक्रमजीतसारखा पोरगा बाहेर बसून नुसता बघत राहिला तर शिकणार कधी? इथे पिंपरीच्या नेहरूनगरच्या टर्फवर संध्याकाळी कधी जाऊन बघा. कीपिंग करायची इच्छा असलेली पोरं आहेत, पण पॅड, किकर्स, हेल्मेट असा पूर्ण किट प्रत्येकाला परवडत नाही, मग एकाचं सेशन झालं की तेच घामाने ओले पॅड दुसरा चढवतो. गोलकीपर घडवणं इतकं खालून सुरू होतं.

दुसरी जागा ड्रॅग फ्लिक. पॅरिसला हरमनप्रीतने १० गोल मारले, स्पर्धेत सगळ्यात जास्त. २०२६ च्या जानेवारीत तो तीस वर्षांचा. तो बाहेर बसलेला असताना कॉर्नर मिळाला की आपल्याकडे जुगराज आहे, संजय आहे, रोहिदास आहे, पण समोरच्या टीमला धडकी भरेल असं अजून होत नाही. शारदानंद तिवारीला आत्तापासून बेंगळुरूच्या कॅम्पमध्ये हरमनप्रीतच्या शेजारी उभं करा, रोज शंभर-दोनशे फ्लिक मारू देत, गोललाइनवरून बॉल आत ढकलणारा आणि तो थांबवणारा यांच्याबरोबर त्याची जोडी बसू दे. ही जोडी बसायला महिने लागतात.

तिसरी जागा मिडफिल्ड. मनप्रीत चारशेच्या वर मॅच खेळलाय, एवढा मोठा खेळाडू, पण वीस दिवसांच्या अंतराने दोन स्पर्धा त्याच्या पायांकडून मागणं हा अन्याय आहे. वर्ल्ड कपला त्याला न्या, नक्की न्या. एशियाडला मात्र पाच-सहा जागा अशा ठेवा की जे वर्ल्ड कपला नव्हते, ताजे आहेत.

यात धोका आहे का, आहे. प्रो लीगमध्ये नवी पोरं उतरवायची म्हटलं तर २०२४-२५ च्या सिझनला आपण नऊ टीममध्ये आठवे होतो, आणि शेवटचा नंबर आला की टीम खाली जाते, आपल्या मुलींच्या टीमचं तेच झालं. त्यामुळे अर्धी जुनी अर्धी नवी अशी टीम खेळवावी, आणि एखाद्या मॅचला चार गोल खाल्ले तर त्या पोराला लगेच घरी पाठवू नये, पुढच्या मॅचला परत उतरवावं.

जानेवारीत हॉकी इंडिया लीग सुरू होतेय. टीव्हीवर मॅच लागली की स्कोअर सोडून जरा बाकीचंही बघा, शेवटच्या पाच मिनिटांत कोच कुणाला आत ठेवतोय, पेनल्टी कॉर्नरला मास्क घालून पळत कोण जातोय, गोलमध्ये आपला पोरगा आहे की बाहेरचा. एखादा नवा पोरगा आवडला तर आम्हाला जरूर कळवा, फेब्रुवारीच्या कार्यक्रमात त्याच्यावर बोलू. नमस्कार.