आईची शपथ घातली तरी

स्वतःच्या अंगाला मुद्दाम इजा करून घेणारं मूल घरात आहे असं कळलं, की आपल्याकडे दोनच अर्थ लावले जातात. एक तर 'नाटकं आहेत सगळी', नाहीतर 'जीव द्यायला निघाली होती'. पहिल्या घरात थोबाडीत बसते, दुसऱ्या घरात रडारड होते. आणि दोन्ही घरांत एक गोष्ट विचारायची राहून जाते: बाळा, त्या वेळी तुला नेमकं काय होत होतं?

ओपीडीतली एक हकिकत सांगतो. तीन-चार मुलींचं मुद्दाम एकत्र केलंय, तेव्हा कुणी ओळख शोधत बसू नका. दहावीतली मुलगी. आई बोलतेय आणि मुलगी सॅकचा बंद बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, पुन्हा गुंडाळतेय. "घरात कशाची कमी नाही हो डॉक्टर. मोबाईल दिलाय, क्लास लावलेत." आईला बाहेर बसवलं. मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "डोकं इतकं भरून येतं की समोरचं ऐकूच येत नाही. ते केलं की थोडा वेळ शांत वाटतं. मग लाज वाटते." मरायचं होतं का, असं मी सरळ विचारलं. म्हणाली, "नाही. तेव्हा नाही." या 'तेव्हा'कडे मी परत येणार आहे.

मॅथ्यू नॉक आणि मिच प्रिन्स्टीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हाच प्रश्न नीट मांडला: या कृतीतून त्या माणसाला मिळतं काय? सर्वांत जास्त वेळा येणारं उत्तर त्या मुलीचंच आहे, सोसवत नाही अशी भावना तेवढ्यापुरती उतरते. काहींचं उलट असतं. आतून सगळं बधिर झालेलं असतं आणि काहीतरी जाणवावं म्हणून ते करतात. काहीजण स्वतःला शिक्षा देत असतात. दुसऱ्या कुणाला काही कळवण्यासाठी करणारेही असतात, पण ते कमी. बहुतेकजण जिवापाड लपवतात. आणि समजा, लक्ष वेधून घ्यायलाच केलं असेल, तर? ज्या मुलाला त्यासाठी स्वतःचं अंग दुखवावं लागतं, त्याचं साधं बोलणं आपण ऐकलेलं नाही, एवढं तरी त्यातून आपल्याला कळायला हवं.

मग हा मनाचा आजार आहे का? ताप हा स्वतः आजार नसतो, पण तो उतरेना की आपण रक्त तपासतो; तसंच इथे करायचं. अमेरिकेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनं २०१३ मध्ये मरण्याचा हेतू नसताना स्वतःला केलेल्या इजेची नोंद केली, तीही 'अधिक अभ्यास हवा' या विभागात. कुणाच्या मागे नैराश्य असतं, कुणाच्या चिंताविकार, कुणाच्या लहानपणी झालेला अत्याचार, कुणाच्या खाण्याशी बिघडलेलं नातं, कुणाच्या व्यसन. काहींना कुठलंच निदान लागू पडत नाही, फक्त परिस्थितीचा कोंडमारा असतो. कानात आवाज येतात आणि ते इजा करायला सांगतात, असं कुणी म्हणालं तर मात्र सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. ऑटिझम असलेलं, बोलता न येणारं मूल एकाएकी डोकं आपटायला लागलं, तर आधी कान आणि दात तपासून घ्या. पुष्कळदा दुखणं तिथे असतं.

एका शिक्क्याबद्दल मला चिडून बोलायचंय. इजेच्या खुणा दिसल्या की 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी', म्हणजे भावना आणि नाती सतत डळमळीत ठेवणारा व्यक्तिमत्त्वाचा विकार, असं लिहून मोकळे होणारे आमच्याच व्यवसायात आहेत. त्या निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात, इजा हे त्यातलं फक्त एक. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या फाईलवर ते घाईनं लिहिलं, की पुढचा प्रत्येक डॉक्टर तिच्याशी हात राखून बोलतो.

पोतराज अंगावर आसूड ओढतो ते काय, असंही कुणी विचारेल. ते वेगळं. ते चारचौघांत, ठरलेल्या रीतीनं, देवीच्या नावानं होतं आणि समाज त्याला अर्थ देतो. मी बोलतोय ते दार लावून घेतल्यावर होतं.

आता त्या 'तेव्हा'विषयी. मरायचं नव्हतं हे खरं, पण मरायचं नसतानाही इजा करून घेणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून आज 'नाही' म्हटलं तरी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचं. प्रश्नावलीतले गुण मोजून धोका 'कमी' की 'जास्त' हे ठरवू नका, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय. समोर बसून बोलण्याला पर्याय नाही. दिलासाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९२ पासून सुमारे १,९०० मुलांचा तिशीच्या उंबरठ्यापर्यंत मागोवा घेतला गेला. कुमारवयात सुमारे ८ टक्के मुलांनी स्वतःला इजा केली होती आणि त्यांतल्या दहापैकी नऊजणांची ती सवय मोठेपणी राहिली नाही. ज्यांना कुमारवयात नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं होती, त्यांच्यात मोठेपणीही इजा आढळण्याची शक्यता जास्त होती. उपचार कुठे करायचा, ते इथे दिसतं.

आपण मात्र काय करतो? शपथ घालतो. "माझी शपथ आहे, परत केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." ही आई वाईट नसते, ती घाबरलेली असते. पण त्या पोरीचं काय होतं बघा. पुन्हा कधीतरी डोकं भरून येतंच, हातून तेच होतं, आणि आता वर आईच्या जिवाचं ओझं. म्हणजे पूर्वी एक गोष्ट लपवायची होती, आता दोन. आईला सर्दी झाली तरी हिच्या पोटात गोळा येतो. ओपीडीत असली मुलं मी पुष्कळ पाहतो. शपथ घातली असेल तर आज घरी जाऊन ती सोडवा. "सुटली म्हण, आणि पुन्हा तसं वाटलं तर मला उठव, रात्री दोन वाजताही," असं सांगा. जखम असेल तर आधी तिच्यावर मलमपट्टी करा, प्रश्न नंतर. घरातल्या धोक्याच्या वस्तू आणि औषधं आवाक्याबाहेर ठेवा, पण खोलीची झडती घेऊ नका.

मार्शा लिनेहान या बाई १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात दाखल झाल्या. स्वतःला सतत इजा करायच्या. स्किझोफ्रेनिया असल्याचं लिहिलं गेलं, विजेचे झटके दिले गेले. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तिथे होत्या. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्यांनीच डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बोलण्यातून आणि सरावातून करायची उपचारपद्धत उभी केली. भावनेची लाट आली की ती ओसरेपर्यंत कसं टिकायचं, हे त्यात सरावानं शिकवतात. स्वतःची गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली ती थेट २०११ मध्ये. इजा थांबवणारी अशी खास गोळी नाही. नैराश्यासारखा आजार सापडला तर त्याची औषधं असतात आणि ती जरूर घ्यावीत.

पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालावं, असं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंडसंहितेतल्या कलम ३०९ सारखं कलम ठेवलेलं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे, बहुधा शिक्षिकेची: "वर्गात विषय काढला तर बाकीची मुलं शिकतील का?" बाई, एखाद्या मुलाला एकटं बसवून विचारल्यानं ते करायला लागत नाही. पसरतं ते फोटोंमुळे, कसं केलं याच्या वर्णनामुळे, त्याभोवतीच्या कुजबुजीमुळे. तेव्हा वर्गात राग, लाज, अपयश यांवर बोला, पद्धतींवर अजिबात नको. ज्या मुलीबद्दल कळलंय तिचं नाव शिक्षकांच्या खोलीत नेऊ नका. पालकांना सांगावं लागेल, पण ते तिला आधी सांगून, आणि शक्य असेल तर तिला शेजारी बसवून. पुढची चिठ्ठी द्या.